माहेरचा गोटा जड

माझे वडील आणि माझे यजमान वीसेक वर्षं एका दगडावरून भांडले. साधा गोल दगड, महाळुंगे पडवळला आमच्या आळीतल्या मारुतीच्या पारापाशी पडलेला. त्याला आम्ही गोटा म्हणायचो. भांडण असं, की तो गोटा एवढा जड का लागतो. वडील म्हणायचे, उचलणाऱ्याच्या अंगात दम नाही म्हणून. यजमान म्हणायचे, तुमच्या गावात गुरुत्वाकर्षणच जास्त आहे म्हणून. आणि या दोन शहाण्यांच्या मधे भरडून कोण निघालं? मी.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांना जाऊन आता काही वर्षं झाली. यजमान इथंच पडवीत बसलेत, चष्मा पुसतायत. मी काय लिहितेय ते कळल्यापासून त्यांचा घोशा चाललाय, ‘शास्त्र तेवढं नीट लिही, उगाच काहीतरी ठोकून देऊ नकोस.’ जन्मभर विज्ञान शिकवलं, आता शिकवायला कुणी उरलं नाही म्हणून मीच सापडते. मी मराठीची बाई. मला शास्त्रातलं जेवढं कळलं तेवढं या भांडणातनं कळलं, आणि तेवढंच लिहिणार आहे.

आमच्या आळीची रीत होती. लग्नानंतर पहिल्या यात्रेला जावई आला की त्यानं गोटा उचलायचा. खांद्याला लावला तर हलगी वाजायची, नारळ मिळायचा, आणि सासऱ्याची छाती दोन दिवस खाली यायची नाही. गुडघ्यापर्यंत आला तरी चालायचं. पण भुईपासून सुटला पाहिजे. ज्याचा सुटला नाही त्याच्या पानात पंगतीला अर्धीच पुरणपोळी वाढायची. मग सगळे पोटभर हसले की उरलेली अर्धी वाढायची, वर तुपाची धार. म्हणजे अपमान नाही, चेष्टाच. पण चेष्टासुद्धा कुणाला कशी लागेल ते सांगता येत नाही. ज्याची बायको ओट्यावरच्या बायकांत उभी असते तिला तर ती फारच लागते.

आमचे यजमान तेव्हा असे होते की जोराचा वारा आला तर खिशात मापं टाकून उभं करावं लागलं असतं. पण गडी हौशी. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, मारुतीला हात जोडले, वाकले आणि गोट्याला मिठी घातली. मान लाल झाली, कानापर्यंत लाल झाली. गोटा ढिम्म. दुसऱ्यांदा वाकले. गोट्याखालनं एक मुंगळा तेवढा बाहेर आला. माझ्या शेजारी चुलती उभी होती, ती म्हणाली, ‘अगं, सांग त्याला सोड म्हणावं, कंबर धरंल.’ मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि हे महाशय सरळ उभे राहिले, हात झटकले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘तुमच्या गावात गुरुत्वाकर्षण जास्त आहे. आमच्याकडं हाच गोटा हलका लागला असता.’

पडले तरी नाक वर! पण आळी अशी हसली, की हलगीवाल्याच्या हातातनं टिपरी पडली. लोकांना जावई आवडला. एक माणूस तेवढा हसला नाही. आबा जागेवरनं म्हणाले, ‘नाचता येईना आंगण वाकडं. तसं गोटा उचलंना आन् म्हनं गाव जड.’ त्यावर लोक आणखी हसले. आबांचा चेहरा मात्र तसाच होता.

त्याचं कारण गोटा नव्हता. यजमान डोंगरातले. डिंभ्याच्या धरणावरनं अजून वर, घाटाच्या अंगाला त्यांचं गाव. भातखाचरं, नाचणी, वरई, चार म्हशी. नोकरीला पहिल्यांदा ते आणि मी एकाच शाळेत लागलो, आमच्या गावापासून जवळच. पुढचं काय ते समजून घ्या, मी सांगायला बसले तर हे पडवीतनं कान देतील. आबांना मी सांगितलं तेव्हा ते एकच शब्द बोलले, ‘डोंगरातला?’ त्या एका शब्दात त्यांना जे म्हणायचं होतं ते सगळं बसत होतं, आणि ते काय ते घरात प्रत्येकाला कळत होतं.

लग्न त्यांनी लावून दिलं. मांडव घातला, मानपान केला, कुठं म्हणून कमी केलं नाही. मग मला पाठवताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तू कवाबी ये. पर मला तिकडं बोलवू नगं. म्या त्या डोंगरात पाय ठेवनार न्हाई.’ आमच्या घराण्यात दिलेला शब्द मोडायची पद्धत नाही. चांगला शब्द असो की गाढवपणाचा, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. मी त्यांचीच लेक. मीही म्हटलं, ‘बरं. नाही बोलावणार.’

लग्नानंतर यजमानांनी बदली मागून घेतली आणि आम्ही वर राहायला आलो, तेच हे घर. माझ्या माहेरचं शिवार डिंभ्याच्या कालव्यावर बारमाही हिरवं. बटाटा, कांदा, ऊस. कालव्याला पाणी सुटलं की आबा बांधावर उभं राहून ते बघायचे, मोठं समाधानाचं रूप असायचं त्यांचं. ते पाणी आमच्या दारावरनं जायचं त्यांच्याकडं. माझ्या सासऱ्यांची खालची खाचरं धरणात त्याच पाण्याखाली गेलेली. एकदा रागाच्या भरात मी बोललेच, ‘आबा, आमच्याकडचं पाणी चालतं तुम्हाला, माणूस तेवढं चालत नाही.’ ते उठून गोठ्यात गेले. आई म्हणाली, ‘कशाला बोलतीस? ते काय आता बदलत्यात व्हय?’

आई यायची. वर्षातनं दोनतीनदा, एसटीनं, दोन्ही हातांत पिशव्या. बटाटे, शेंगा, घरचं तूप, आणि काय वाटेल ते. एकदा तर कोंबडी घेऊन आली, जिवंत, पाय बांधून. डिंभ्याला उतरल्यावर वर यायला गाडी मिळाली तर मिळाली, नाही तर तशीच चालायची. पडवीत टेकली की आधी पाणी मागायची, मग माझं घर न्याहाळायची. डबे उघडून बघायची, अंथरुणं हाताळायची, चुलीमागचं जळण बघायची. मला राग यायचा, आणि बरंही वाटायचं. बाईचं माहेर म्हणजे तरी काय? कुणीतरी येऊन आपले डबे उघडून बघावेत, एवढंच.

इकडं यात्रेचं भांडण दरवर्षी रंगायला लागलं. आम्ही दोघं यात्रेला जायचो. आबा आणि जावई एरवी एकमेकांशी ‘जेवण झालं का’ याच्यापुढं बोलायचे नाहीत, पण पारापाशी गोटा दिसला की दोघांना कंठ फुटायचा. आबा सुरू करायचे, ‘काय पावणं, औंदा तरी गाव हलकं झालं का?’ की हे सुरू. दरवर्षी नवीन मुद्दा काढायचे. एका वर्षी सांगितलं, पृथ्वीच्या मध्यापासून माणूस जितका लांब तितकी तिची ओढ कमी. आमचं गाव उंच, तुमचं खोलात, म्हणून तुमच्याकडं वस्तू जड. पुढच्या वर्षी सांगितलं, पृथ्वी मधे फुगलेली आहे, वर आणि खाली चपटी, म्हणून ध्रुवाजवळ वजन जास्त भरतं आणि विषुववृत्तावर कमी. आबा म्हणाले, ‘म्हंजी तुमच्या पुस्तकाप्रमानं, बाजारात माल इकायचा तर उत्तरेला न्यावा.’ त्याच्या पुढच्या वर्षी जमिनीखालचा खडक आला. खाली कुठं घट्ट जड खडक असतो, कुठं विरळ. त्यानंही ओढ कमीजास्त होते. ‘आमच्या रानाखाली काळा पत्थर हाय, हिरीच्या टायमाला सुरुंग लावून लावून दमलो,’ आबा म्हणाले. हे म्हणाले, ‘तेच तर म्हणतोय मामा.’ आबा काठी उचलून चालू पडले. एवढंच त्या वर्षी यजमानांच्या पदरात पडलं, आणि घरी येईपर्यंत ते त्यावर खूश होते.

लोक हसायचे. मीही हसायचे. पण मनातनं मला ठाऊक होतं की हे दोघं गोट्याबद्दल बोलतात कारण दुसऱ्या कशाबद्दल बोलायची सोय नाही.

मग आई गेली. चार दिवस अंगात ताप होता, पाचव्या दिवशी नाही. तिच्यामागं माहेराहून आमच्या घरी येणारं कुणी उरलं नाही. भाऊ नव्हता मला. मी जायचे, आबांना भाकरी करून घालायचे, भांडीकुंडी आवरायचे, यायचे. पण माझ्या घरी कोण? दिवाळीला शेजारणीचा बाप यायचा, टोपी सावरत, पिशवी लोंबकळत, आणि ती आतनं पळत यायची. मी दारातनं आत वळायचे. पन्नाशीला टेकलेली बाई, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि मला वाटायचं की आबांनी एकदा यावं. राहू नये, जेवू नये, नुसतं पडवीत बसून पाणी प्यावं. बोलवायचं नाही असा शब्द मी दिलेला, तो मी तोंड आवळून पाळत होते. कुणाला सांगितलं नाही. यजमानांना कळत होतं ते कळत होतं.

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या यात्रेची गोष्ट. सकाळी मी माहेरच्या ओट्यावर गहू पाखडत होते. एकदम आरडाओरडा. कालव्याच्या पुलापाशी जीप थांबलीय आणि मोजणीवाले आलेत! मोजणी म्हटलं की आमच्याकडं काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. रस्ता नाहीतर रेल्वे, नाहीतर आणखी कसली तरी पट्टी कुणाच्या तरी उसातनं जाणार. बायका हातातलं टाकून निघाल्या. आबा काठी घेऊन सगळ्यात पुढं. मी मागनं पळतेय, ‘आबा, दमानं, आबा, पडाल!’ माझ्यामागं यजमान. त्यांच्या हातात चहाचा कप तसाच.

पुलावर एक मुलगी होती. पंचविशीची असेल, डोक्याला टोपी, उन्हानं नाक सोललेलं. तिच्यापुढं तीन पायांच्या तबकडीवर एक डब्यासारखं यंत्र, आणि ती त्यात डोकावून बघत होती. आबांनी काठी पुलाच्या कठड्यावर आपटली. ‘कशाची मोजणी? नोटीस कुठाय?’

ती दचकली, पण पोरगी धीराची. म्हणाली, ‘आजोबा, जमीन नाही मोजत. पृथ्वी इथं किती जोरानं खाली ओढते तेवढं बघतेय. प्रत्येक जागी वेगळं असतं. खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या छत्र्यांपासून सुरू केलंय, वर घाटापर्यंत जायचंय.’

सगळी आळी आमच्या यजमानांकडं बघायला लागली. मी त्यांचं तोंड बघितलं. देव प्रसन्न झाल्यासारखं! वीस वर्षं वाट बघावी आणि साक्षीदार स्वतः जीप करून दारात यावा! कप माझ्या हातात देऊन ते पुढं झाले आणि त्या मुलीला विचारायला लागले. तिनं सांगितलं, यंत्राच्या आत एक अगदी नाजूक स्प्रिंग आहे आणि तिला वजन टांगलंय. ओढ जास्त तिथं ती केसभरच, पण जास्त ताणते. मग म्हणाली, ‘आता जरा कुणी हलू नका, जमीन थरथरली तर आकडा नीट येत नाही.’ झालं. सगळी आळी पुलाच्या दोन्ही बाजूंना श्वास रोखून उभी. एक टेम्पो आला तर चार जणांनी आडवं होऊन तो लांब थांबवला. म्हैस निघाली होती पाण्याला, तिला कोण समजावणार? तिच्या मालकानं तिच्या गळ्यात मिठी घातली आणि तसाच उभा राहिला. पृथ्वीचा एवढा मान आमच्या गावात आजवर कुणी ठेवला नसेल.

मुलीनं डोकं वर काढलं तशी आबांनी विचारलं, ‘पोरी, खरं सांग. हितं वढ जास्त का वर डोंगरात?’

‘इथं जास्त, आजोबा.’

यजमानांनी हात वर केले. पोरं ओरडली. आबा तसेच उभे. मला खरं सांगायचं तर त्यांची दया आली. हात दाखवून अवलक्षण. पण आबा हार मानणाऱ्यातले नव्हते. ‘किती जास्त? पारापाशी गोटा हाय. तो वर नेला तर किती हलका व्हईल?’

ती गोटा बघून आली, मनाशी हिशेब केला, आणि हसायला लागली. ‘चमचाभर मीठ कमी केल्याएवढा.’

पुन्हा सगळी आळी यजमानांकडं बघायला लागली. आबांची काठी कठड्यावर परत एकदा आपटली, पण आता आनंदानं. ‘चमचाभर मीठ! आन् ह्यो गडी वीस वर्सं आमचं गाव जड करून बसलाय!’ त्या दिवशी पंगतीला यजमानांच्या पानात पुन्हा अर्धी पोळी पडली. ते म्हणाले, ‘चमचाभर का होईना, जास्त ते जास्त.’ आबा म्हणाले, ‘मला न्हाई पटत. यंत्राचं काय, ते कायबी सांगंल. डोळ्यानं बघंन तवा खरं.’ मला वाटलं, आता पुढच्या वर्षी हेच पुन्हा दळायचं.

दिवाळीनंतर, भात झोडणीला आलेलं, आबांचा फोन आला. ते फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, लांब आहे म्हणून. ‘पावण्याला सांग, परवा येतो म्हनावं. तराजू घिऊन. हितं एक दगड तोलून ठिवलाय, तोच तिथं तोलायचा. एकदाचा निकाल लावून टाकू.’

‘कुठं येता?’ मी विचारलं.

‘तिथंच. तुमच्या डोंगरात. आनखी कुठं?’

फोन ठेवला. मग मला असा संताप आला! वीस वर्षं लेकीसाठी पाय उचलला नाही, आणि आता दगड तोलायला निघाले! मी भांडी आदळली. यजमान म्हणाले, ‘अगं, येतायत ना.’ मी म्हटलं, ‘तुमच्या गोट्यासाठी येतायत. माझ्यासाठी नाही.’ आणि हे बोलता बोलता सारवायला शेण कालवायला घेतलं. दोन दिवस घर धुतलं, डबे घासले, उन्हात गोधड्या टाकल्या. राग राग आणि काम काम. शेजारीण विचारते, ‘कोण येतंय?’ मी म्हटलं, ‘माझे वडील,’ आणि पुन्हा डबे घासायला बसले.

आबा दुपारच्या आत आले. पांढरं धोतर, नवी टोपी, एका खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेला तराजू, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीत दगड. डिंभ्याला यजमान आणायला गेले होते, पण पिशवी त्यांनी हातात दिली नाही, का तर जावई त्यातला तुकडा पाडील. पडवीत टेकून आधी तक्रार केली. कंडक्टरनं विचारलं म्हणे, पिशवीत काय आहे? हे म्हणाले दगड. तो म्हणाला, ‘बाबा, घोडेगावाच्या पुढं दगडाला काय तोटा? इकडनं भरून न्यायचा का तिकडं घेऊन जायचा?’ सांगताना आबांना स्वतःलाच हसू आलं. मी पाणी दिलं. आबांनी ते माझ्या पडवीत बसून प्यायलं. तांब्या खाली ठेवेपर्यंत मी बघत होते.

‘बसायचं मागनं. आधी काम,’ ते म्हणाले.

तराजू बाहेर निघाला. दांडी, दोन पितळी पारडी, लोखंडी मापं. घरी बियाण्याचा बटाटा विकायचो तेव्हाचा. तो बघितला आणि मी चमकले. माहेरी कांद्याच्या गोण्या तोलायला स्प्रिंगचा काटा आहे, लिंबाला टांगलेला. तो आणला असता तर निदान प्रश्न तरी बरोबर झाला असता. तराजूत कसा फरक कळणार? एका पारड्यात दगड, दुसऱ्यात माप. ओढ कमी झाली तर दोघांचीही सारखीच कमी होते. दांडी जागची हलत नाही. महाळुंग्यात तोला, डोंगरात तोला, चंद्रावर नेऊन तोला, तराजू तेच सांगणार. एवढं मलाही कळत होतं, मराठीच्या बाईला. मी तोंड उघडलं, ‘आबा, पण तराजूत...’

यजमानांनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

पडवीच्या वाशाला तराजू टांगला. आबांनी दगड पुसला, पारड्यात ठेवला. दुसऱ्यात मापं. दांडी हलली, खाली गेली, वर गेली आणि मधे येऊन थांबली. आबा डोळे बारीक करून काट्याकडं बघत होते. मग वळले.

‘बघा पावणं. हाय का मिठाचा एक खडा तरी फरक?’

यजमान वाकून काट्याकडं बघत राहिले, अगदी मन लावून. जन्मभर मुलांना वस्तुमान आणि वजन यातला फरक शिकवलेला माणूस. मग सरळ झाले आणि म्हणाले, ‘हरलो, मामा. दगड दोन्हीकडं सारखाच.’

आबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. एवढा मोठा विजय, पण मला वाटलं होतं तसे ते ओरडले नाहीत. म्हणाले, ‘मग जेवायला हरकत न्हाई.’

मी धरणातला मासा केला होता, नवा भात, नाचणीची भाकर. आबा मासा मन लावून खायचे. जेवता जेवता घर बघत होते. भिंत, कणगी, चुलीवरचं फडताळ. सासऱ्यांचा फोटो होता, त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग शेजारी माझे डबे होते, त्यातल्या एकाचं झाकण डाव्या हातानं उचलून बघितलं आणि परत लावलं. तिथं माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. मी हातातली पळी खाली ठेवली.

‘झालं समाधान?’ मी म्हणाले. ‘झाला निकाल? एका दगडासाठी एवढा डोंगर चढून आलात! आणि तोही खोटा निकाल. तराजूत असला फरक कधी कळत नसतो, आबा. यांनी तुमचा मान ठेवला म्हणून गप्प बसले. काटा आणायचा होता तुम्ही, स्प्रिंगचा.’

‘अगं,’ यजमान म्हणाले.

आबांनी घास खाल्ला. ‘ठावं हाय मला,’ ते म्हणाले. ‘त्या मशीनवाल्या पोरीला म्या इचारलं व्हतं, जीपपाशी जाऊन. ती म्हनली, आजोबा, तराजू कुटंबी न्या, त्यो सारखंच सांगनार. म्हनून तर त्यो आनला.’

यजमानांचा हात पानावरच थांबला. मला काही समजेना. ‘मग कशाला आलात?’

‘असंच आलो असतो व्हय? नुसता?’ आबा पानाकडं बघत बोलत होते. ‘लेकीला बघाया आलो म्हनलो असतो, तर तू दारातच काय इचारलं असतंस? इतकी वर्सं का न्हाई आला, हेच ना? त्याचं उत्तर न्हाई माझ्याकडं, बाय. लई धुंडलं. तुझी आय गेल्यापासनं रोज धुंडतोय. न्हाई गावलं. दगडाचं कुनी इचारलं तर ते तरी सांगता येत व्हतं.’

तोच प्रश्न माझ्या अगदी ओठावर आला होता. वीस वर्षं तो मी जपून ठेवला होता, आणि तो विचारायचा मला पूर्ण हक्क होता.

‘भात वाढू का अजून?’ मी विचारलं.

‘वाढ,’ आबा म्हणाले. ‘आज ऱ्हातो मी.’